साळवीसाहेबांचे दोन क्रेट

साळवीसाहेब आमच्या कारखान्यात मॅनेजर म्हणून आले, त्या पहिल्याच दिवशी चहाच्या सुट्टीत त्यांनी आवळ्याचे दोन रिकामे क्रेट ऑफिसच्या दाराबाहेर उपडे टाकले. एकावर स्वतः बसले. समोरच्या क्रेटवर रुमाल मारून धूळ झटकली आणि आम्हा बावीस बायांकडे बघून विचारलं, "बोला. आज माझं काय चुकलं?"

माणूस सकाळी नऊला आला होता आणि तेव्हा अकरा वाजत होते. दोन तासांत चुकून चुकणार काय? खुर्चीत बसला, उठला, एकदा खोकला. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि चहा प्यायला लागलो. साहेब पंधरा मिनिटं समोरच्या रिकाम्या क्रेटकडे बघत बसले. भोंगा झाला तसे उठले, दोन्ही क्रेट उचलून आत नेले. जाताना म्हणाले, "ठीक आहे. उद्या विचारतो."

दुसऱ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशीही विचारलं. निवृत्त होईपर्यंत एक दिवस खाडा केला नाही.

मी आभार मानणारी बाई नाही. कुणी माझं बरं केलं तर त्याच्या घरी पसाभर कडवे वाल पाठवते आणि विषय संपवते. साळवीसाहेबांच्या बाबतीत वाल पुरे पडत नाहीत, म्हणून हे लिहायला बसले. तोंडावर आभार मानायची सोय नाही. ते खिशातली वही काढतील आणि विचारतील, "ते असू दे, द्रुपदाबाई. चुकलं काय ते सांगा."

आमचा कारखाना म्हणजे बोर्लीपासून अर्ध्या तासाच्या चालीवर, खाडीच्या काठाला एक मोठी पत्र्याची शेड. थंडीत आवळा सरबत, उन्हाळ्यात कैरीचं पन्हं, त्याच्या मागोमाग कोकम. बाटलीवर हिरव्यागार बागेचं चित्र असतं. आत वाफ, घाम आणि ओली फरशी. तिथं मी एकवीस वर्षं काढली तोवर पाच मॅनेजर बघून झाले होते आणि पाचही जणांशी मी एकच वाक्य बोलले होते, "व्हय, साहेब." कैऱ्या जास्त उकडा म्हणाले, व्हय साहेब. कमी उकडा म्हणाले, व्हय साहेब. मग आत जाऊन आम्हाला कळतं तशा उकडायच्या. साहेब खूश, आम्ही खूश, कैऱ्याही बऱ्या उकडायच्या.

साळवीसाहेब सहावे. मूळचे पालीचे. उंच, वाळकुडे, मान पुढे काढून चालणार, भाताच्या शेतात बगळा चालतो तसे. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. मागच्या खिशात शाळेतल्या पोरांची असते तसली शंभरपानी वही, मधोमध दुमडलेली. दिवसभर तिच्यावर बसून बसून ती वही कौलासारखी वाकायची. चूक निळ्या पेनानं लिहायची आणि ती सुधारली की पुढे लाल खूण करायची. वहीत फक्त त्यांच्या स्वतःच्या चुका. दुसऱ्या कुणाची चूक लिहायची नाही हा नियम.

ह्या माणसाला "व्हय साहेब" चालायचं नाही. काही काम सांगितलं की विचारायचे, "आता तुम्ही काय ऐकलं ते सांगा."

"व्हय, साहेब."

"व्हय काय? काय ऐकलं?"

"तुम्ही सांगितलं ते."

"मी काय सांगितलं?"

इथं बाई अडकायची. कारण ऐकलेलं कुणीच नसायचं. साहेब बोलायला लागले की मान हलवायची आणि मनात संध्याकाळची भाजी ठरवायची, ही आमची एकवीस वर्षांची सवय. मी स्वतः एकदा झाकणांच्या कामाचं ऐकताना अशी अडकले. शेवटी खरं सांगितलं, "मी न्हाय ऐकलं. माजं ध्यान सुकटीत व्हतं." साहेबांनी वही काढली आणि लिहिलं, 'फार लांब बोललो.' चूक माझी आणि लिहिली स्वतःच्या नावावर. मला त्या दिवशी त्यांचा रागच आला.

आम्ही काही सांगितलं तरी सुटका नव्हती. "थांबा. मी काय ऐकलं ते सांगतो," असं म्हणून ते आमचंच बोलणं आम्हाला परत ऐकवायचे. तिसरा नळ गळतोय एवढंच मी एकदा चालता चालता म्हटलं. ते जागेवर उभे राहिले. "थांबा. मी काय ऐकलं ते सांगतो. तिसरा नळ गळतो, कधीपासूनचा गळतो, आणि मी रोज त्याच्या बाजूनं जातो. बरोबर?" मी फक्त पहिलं म्हटलं होतं. उरलेलं त्यांनी कुठून ऐकलं कुणास ठाऊक, पण खोटं नव्हतं.

क्रेटवर मात्र कुणी बसेना. गेटवरचा वॉचमन बाळाराम आम्हाला म्हणाला, "ह्यो गळ टाकून बसलाय, गो. जी पयली तोंड उघडंल ती पयली घरी." आम्हाला ते पटलं. तोंड उघडून घरी गेलेली एक बाई आमच्यातच होती. तिचं पुढे सांगते.

भिंतीवर एक सूचनापेटी होती, कुठल्यातरी आधीच्या साहेबांनी लावलेली. तिची चावी हरवलेली. साळवीसाहेबांनी एका दुपारी बाळारामकडून तिचं कुलूप तोडून घेतलं. आतून गांधीलमाश्यांचं एक रिकामं घर निघालं, तंबाखूच्या दोन पुड्या निघाल्या आणि एक चिठ्ठी निघाली. साहेबांनी ती मोठ्यानं वाचली, "बाटल्या धुतात तिथला पंखा बंद आहे. कमल." सगळ्यांनी वर बघितलं. पंखा बंदच होता. कमल लग्न होऊन विरारला गेली, तिची थोरली मुलगी शाळेत जायला लागली, आणि पंखा आपला तिथंच टांगलेला. साहेबांनी त्याच दिवशी मिस्त्री बोलावला. पंखा फिरायला लागल्यावर कमलचा नंबर शोधून तिला फोन केला. "कमलबाई, तुमचा पंखा सुरू झाला. उशिराबद्दल माफ करा." कमलला वाटलं कुणीतरी फसवाफसवीचा फोन करतंय. तिनं शिवी देऊन ठेवून दिला. साहेबांनी वहीत लिहिलं, 'आधी स्वतःचं नाव सांगायला हवं होतं.'

क्रेटवर पहिला बसला तो बाळारामच. तो धीट होता म्हणून नव्हे, त्याला बघवेना म्हणून. म्हणाला, "साहेब, तुमच्या शर्टाची बटनं खालवर लागलीत. सकाळधरनं." साहेबांनी खाली बघितलं. त्यांचा चेहरा असा खुलला, जसं कुणी मुलगा झाल्याचं सांगितलं. उभे राहून बटणं नीट लावली, वहीत लिहिलं, लाल खूण केली आणि बाळारामचा हात हातात घेऊन हलवला. बाळाराम दुसऱ्या दिवशीही कामावर आला. त्याच्या पुढच्या दिवशीही आला. तेव्हा आम्हाला जरा हायसं वाटलं.

मग रांगच लागली. चालताना चपला घासता. शिंकताना तोंडावर हात धरत नाही. तुमच्या डब्यातल्या भेंडीला तार सुटते, वास इथवर येतो. साहेब सगळं लिहून घ्यायचे. एकदा एकीनं सांगितलं, "साहेब, तुम्ही गाडी जांभळाखाली लावताव. तिथं आमी जेवायला बसायचो." हे आधीच्या मॅनेजरपासून चालत आलेलं होतं, साहेबांना माहीत असायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गाडी उन्हात आणि आम्ही सावलीत. वैशाखात गाडीचं स्टिअरिंग एवढं तापायचं की साहेब दोन्ही हातांना रुमाल गुंडाळून घरी जायचे. बाया त्यांना 'चूकसाहेब' म्हणायला लागल्या. हे नाव त्यांना कळलं तेव्हा ते खूश झाले.

मी मात्र क्रेटवर बसले नव्हते. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती भेंडीची नव्हती.

आमचा कारखाना विहिरीच्या पाण्यावर चालतो. विहीर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. वर्षभर पाणी गोड, पण वैशाख अमावस्येच्या सुमारास विहीर तळाला जाते आणि खाडीला उधाण येतं. त्या चार दिवसांत खाडी आतल्या आत विहिरीत मुरते आणि पाणी मचूळ होतं. ते टाकीत जाताना वाळूतून गाळून जातं, पण गाळून खारटपणा जातो होय? आम्हा बायांना हे माहीत असतं. म्हणून आम्ही प्यायचं पाणी घरून न्यायचो. ऑफिसातले लोक विकतचं बाटलीचं पाणी प्यायचे. म्हणजे ज्या पाण्याचं पन्हं करून आम्ही मुंबईला पाठवायचो, ते पाणी कारखान्यातलं कुणीच पीत नव्हतं. बायांना ठाऊक म्हणून त्या पीत नव्हत्या, आणि साहेब पीत नव्हते म्हणून त्यांना ठाऊक नव्हतं.

साळवीसाहेब यायच्या आधीच्या वैशाखात ऐन अमावस्येला पन्ह्याची मोठी ऑर्डर निघाली. आम्ही गप्प राहून बाटल्या भरल्या. अख्खा माल खारट म्हणून परत आला. तेव्हाचा मॅनेजर थयथयाट करत आत आला. मिठाच्या मापावर सुलभा होती, माझी धाकटी जाऊ. "मीठ दोनदा घातलंस," तो म्हणाला.

सुलभा म्हणाली, "साहेब, मीठ बरोबर व्हतं. पाणीच मचूळ हाय. विचारा आमच्या जाऊबायला."

तो माझ्याकडे वळला. "काय हो, पाणी खारट होतं?"

त्याची एक पद्धत होती. कुणी काही सांगायला गेलं की तो म्हणायचा, "तुला विचारलं का?" त्या दिवशी मात्र त्यानं मला विचारलं होतं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मला विचारलं, आणि मी म्हणाले, "मला काय म्हाईत, साहेब."

सुलभा त्याच दिवशी घरी गेली.

आमचं अंगण एक. माझी चूल इकडे, तिची तिकडे. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. भांडलीही नाही. पण रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना त्यांना मोठ्यानं सुनवायची, "खावा, खावा. मानसापेक्षा तुमी बऱ्या. खाल्ल्या दाण्याला वळखता." मीही काही कमी नव्हते. माझ्या मांजरीला सांगायचे, "काय लोकांना मागचं उकरायची सवय असते, नाय गो?" असं आम्ही वर्षभर कोंबड्या आणि मांजर मध्ये घालून बोललो. मांजर शेवटी शेजारी राहायला गेली.

पुढे तो मॅनेजर गेला, साळवीसाहेब आले, आणि पुन्हा वैशाख आला. अमावस्येच्या आदल्या दिवशी साहेबांनी आम्हाला गोळा करून सांगितलं, उद्यापासून पन्ह्याची ऑर्डर, लग्नसराईचा माल, सलग तीन दिवस. मग मला विचारलं, "द्रुपदाबाई, काय ऐकलं?"

"उद्यापासून पन्हं," मी म्हणाले. "तीन दिवस."

सकाळीच मी विहिरीच्या पाण्यानं चूळ भरली होती. जीभ सांगायची ते सांगून मोकळी झाली होती.

न सांगावं तर माल परत येणार आणि मिठाच्या मापावर आता जी होती ती घरी जाणार. सांगावं तर गेल्या वर्षी मी खोटं बोलले हे उघडं पडणार. साहेबांनी मला हाकलली असती तरी ते बरोबरच होतं. माझ्यामागे कमावणारं कुणी नव्हतं. शिक्षण चौथी. गुडघे गेलेले. त्या वयात मला दुसरं कोण कामावर ठेवणार?

अकराच्या चहाला साहेबांनी क्रेट मांडले. मी कप खाली ठेवला आणि जाऊन बसले. क्रेटवर बसणं दिसतं तसं सोपं नाही, त्याची जाळी रुतते.

"बोला, द्रुपदाबाई. माझं काय चुकलं?"

"तुमचं न्हाय. माजं चुकलं."

"मग ती तुमची वही," साहेब म्हणाले. "इथं फक्त माझ्या चुका घेतो."

मला एवढा राग आला की भीती गेली. मी म्हणाले, "बरं तर लिवा. तुमची चूक अशी, की सहा महिने झाले, तुमी हितल्या विहिरीचं पाणी एकदा तोंडात घातलं न्हाय."

ते लिहिता लिहिता थांबले. मग मी सगळं सांगितलं. खाडी, उधाण, परत आलेला माल, मिठाचं माप, सुलभा. सगळ्या बाया ऐकत होत्या. एरवी एवढ्या वेळात कुणीतरी खोकतं.

"थांबा," साहेब म्हणाले. "मी काय ऐकलं ते सांगतो. उद्या अमावस्या. विहिरीचं पाणी मचूळ. गेल्या वर्षीचा माल मिठानं नाही, पाण्यानं गेला. सुलभाबाईंनी तेव्हाच खरं सांगितलं होतं." आणि ते थांबले.

"आन मी खोटं बोलले," मी म्हणाले. "ते ऱ्हायलं."

"ऐकलं मी ते," साहेब म्हणाले. "पण ते तुमच्या वहीत."

मग ते उठून विहिरीवर गेले. बाळारामनं बादली ओढली. साहेबांनी मगभर पाणी तोंडात घेतलं आणि त्यांचं तोंड कच्चं, आंबटढाण बिमलं खाल्ल्यासारखं झालं. थुंकतील असं वाटलं, पण गिळलं. वर आणखी एक मग प्यायले, खात्री करायला. परत येऊन ऑफिसातल्या पाण्याच्या बाटल्या बाहेर काढायला लावल्या. "आजपासून जे पाणी मालात, तेच ऑफिसात," म्हणाले. ऑफिसातला कारकून माझ्याकडे असा बघत होता, जशी ती खाडी मीच आणली.

खरी फजिती पुढे होती. मालक शेठ मुंबईला असायचे. साहेबांनी आमच्यासमोरच त्यांना फोन लावला आणि सांगितलं की ऑर्डर उद्या निघणार नाही, गोड्या पाण्याचा टँकर आणल्याशिवाय मी पन्हं करणार नाही. शेठचा आवाज एवढा मोठा होता की साहेबांनी फोन कानापासून हातभर लांब धरला.

"साळवी, ऑर्डर उद्या निघाली नाही तर परवा तुम्ही निघा!"

"बरोबर आहे तुमचं," साहेब म्हणाले. "माझं चुकलं. पाणी मी आधीच चाखायला हवं होतं."

"मग?"

"मग आता चाखलंय."

आरडाओरडा करणाऱ्याला समोरून आरडाओरडा लागतो. चूक कबूल करणाऱ्याशी भांडायचं कसं, हे शेठना येत नव्हतं. शेवटी नुसतं "बघा काय ते" म्हणून त्यांनी ठेवून दिला. फोन ठेवायला साहेबांना दोनदा खिसा शोधावा लागला. मला वाटायचं ह्या माणसाला कुणाची भीती नाही. तसं नव्हतं. भीती माझ्याएवढीच होती, तो ती घेऊन बोलत होता.

म्हसळ्याच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक बारमाही विहीर आहे. तिथून टँकर आले. माल तीन दिवस उशिरा गेला. आठवडाभर साहेब फोन वाजला की दचकायचे. शेवटी मुंबईहून कळलं, माल चांगला आहे, आणखी पाठवा. शेठनी शाबासकी दिली नाही, पण परवाचं निघणंही पुन्हा काढलं नाही.

शेठशी फोन झाला त्याच संध्याकाळी साहेब मला म्हणाले, "चला. सुलभाबाईंचं घर दाखवा."

सुलभा अंगणात दाणे टाकत होती. आम्हा दोघांना बघितलं आणि कोंबड्यांना म्हणाली, "आलाव? बऱ्याच दिसानी वाट घावली."

साहेबांनी पायाशी बघितलं. कोंबड्या तर तिथंच होत्या. "बाई, तुम्ही माझ्याशी बोलताय की ह्यांच्याशी?"

"ज्याला लागंल त्याच्याशी."

"मग मलाच," साहेब म्हणाले. "सुलभाबाई, तुमचं बरोबर होतं. पाणी मचूळ होतं. कारखान्याचं चुकलं. परत या."

सुलभानं त्यांच्या खिशाच्या दोन पेनांकडे बघितलं. मग म्हणाली, "ह्ये लिवून देताव?"

साहेबांनी वहीचं पान फाडलं, तिथंच तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून लिहिलं आणि खाली सही केली. ते पान सुलभानं कॅलेंडरच्या शेजारी भिंतीला डकवलंय. अजून आहे. तिच्याकडे गेलात तर आधी ते वाचावं लागतं, मग चहा मिळतो.

पान हातात धरून ती माझ्याकडे वळली. वर्षभरात पहिल्यांदा थेट. "आन तुजं काय?"

"भ्याले," मी म्हणाले.

"येवडंच?"

"येवडंच. नोकरी जाईल म्हनून भ्याले."

तिनं हातातले उरलेले दाणे कोंबड्यांपुढे टाकले आणि त्यांना विचारलं, "उद्या किती वाजता निघायचंय?"

"साडेआठला," मी सांगितलं.

त्यानंतर पाच वर्षं आम्ही तिघांनी तिथं काम केलं. साहेब आणि मी एकाच वर्षी सुटलो. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ झालं, साहेबांनी भाषण केलं आणि शेवटी सवयीनं विचारलं, "आज माझं काय चुकलं?" सुलभा मागून ओरडली, "भाषान लांबलं!" त्यांनी ते लिहून घेतलं. ते दोन क्रेट त्यांनी कारखान्यातून मागून घेतले.

ते पालीला परत गेले नाहीत. बोर्लीतच दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतात, एकटे. मी मंगळवारी गुडघ्याचं औषध आणायला बोर्लीला जाते, तेव्हा तासभर त्यांच्याकडे टेकते. ओटीवर दोन क्रेट मांडलेले असतात. जाळी रुतते म्हणून मी तक्रार केली, तेव्हापासून माझ्या क्रेटवर उशी बांधलेली असते. मी चुका सांगते. कांद्याची माळ घरातच टांगलीय, वास येतो. दाढी डाव्या बाजूला राहिली. ते लिहून घेतात.

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. एकदा मी असताना त्याचा फोन आला. एका मिनिटात संपला. साहेब म्हणाले, "सगळं ठीक आहे म्हणतो. दर रविवारी म्हणतो, आज मध्येच केला तरी तेच म्हणाला. इतकी वर्षं सगळं ठीक कुणाचं असतं, द्रुपदाबाई?"

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

मागच्या मंगळवारी ते आत चहा करत होते. कपाटावर वह्यांची चळत होती. सगळ्यात खालची, सगळ्यात जुनी, मी ओढून काढली. आमच्या कारखान्यात यायच्या आधीची असणार. पहिल्या पानावर निळ्या पेनानं एकच ओळ होती.

'सुमनला तीन महिने पोटात दुखत होतं. तिने मला सांगितलं नाही.'

पुढे लाल खूण नव्हती.

साहेब दोन कप घेऊन दारात उभे होते. वही मी लपवली नाही. त्यांनी कप खाली ठेवले आणि समोर बसले.

"माझी बायको. त्याच दुखण्यात गेली," ते म्हणाले. "दवाखान्यात तिला विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही चिडला असता." मग म्हणाले, "आणि चिडलो असतो. तेव्हा मी तसाच होतो. कारखान्यात कुणी बोलायला आलं की मी म्हणायचो, तुला विचारलं का? घरीसुद्धा तेच. मुलगा ते ऐकतच मोठा झाला."

अशा वेळी बायका हातावर हात ठेवतात. मला ते जमत नाही. मी चहा उचलला. साखर घातलेलीच नव्हती. ती चूक मी सांगितली नाही.

"एक सांगू?" मी म्हणाले. "चूक अर्धीच लिवलीत. दुसरी अर्धी तिची हाय. तिनं सांगायला पायजे व्हतं. तुमी चिडला असताव तरी सांगायला पायजे व्हतं. मी पन तशीच गप बसले व्हते, मला म्हाईत हाय गप बसनारीचं. ते सगळं तुमच्या येकट्याच्या वहीत न्हाय बसत. आन पोराला तुमी फोन करा. त्यो करायची वाट बघू नका."

साहेबांनी निळं पेन काढलं. मग तसंच खिशाला लावलं.

"थांबा," ते म्हणाले. "मी काय ऐकलं ते सांगतो."

आणि मग त्यांना काही सांगता येईना. रस्त्यावरून तीनची एसटी हॉर्न वाजवत आली, फाट्यावर थांबली आणि गेली. मला तीच घ्यायची होती. पण त्यांनी थांबा म्हटलं होतं, आणि ह्या माणसानं एका रिकाम्या क्रेटसमोर आमच्यासाठी किती दिवस काढलेत ते मला माहीत होतं.

मी थांबले.